रिपोर्ट नॉर्मल, दुखणे कायम

तीन महिन्यांहून अधिक काळ टिकून राहिलेल्या किंवा पुन्हा पुन्हा उद्भवणाऱ्या पोटदुखीचा रुग्ण फॅमिली डॉक्टरकडे परत येतो, तेव्हा त्याच्या फायलीत सोनोग्राफी, एंडोस्कोपी आणि सीटी स्कॅनचे नॉर्मल अहवाल बहुधा साठलेले असतात, आणि मग एक तर आणखी एखादी तपासणी लिहून दिली जाते किंवा दुखणे ‘टेन्शनचे’ ठरवून रुग्णाची बोळवण होते. या तपासण्या मुख्यतः अवयवांची रचना दाखवतात, अडकलेली नस किंवा बिघडलेली चयापचयक्रिया दाखवत नाहीत, याचा विसर दोन्ही निर्णयांत पडलेला असतो.

पोटाच्या भिंतीतून उगम पावणारे दुखणे हे याचे ठळक उदाहरण होय. सातव्या ते बाराव्या वक्षीय नसांच्या शाखा पोटाच्या मध्यरेषेलगतच्या रेक्टस स्नायूच्या बाहेरील कडेजवळ काटकोनात वळून त्वचेकडे येतात आणि तेथे त्यांपैकी एखादी दाबली गेली, तर रुग्ण एका बोटाने नेमकी जागा दाखवतो व तेथील त्वचा चिमटीत धरली तरी कळवळतो. अमेरिकी शल्यचिकित्सक कार्नेट यांनी १९२६ साली वर्णन केलेल्या चाचणीला यंत्र लागत नाही : उताण्या रुग्णाचा दुखरा बिंदू दाबून धरून त्याला डोके व खांदे उचलायला सांगावे, ताठ झालेला स्नायू आतील अवयवांना बोटाच्या दाबापासून वाचवतो, त्यामुळे दुखणे कमी झाल्यास मूळ आत असण्याची, आणि तसेच राहिल्यास किंवा वाढल्यास ते भिंतीत असण्याची शक्यता अधिक. ही चाचणी निर्णायक नाही, हर्निया वगळावाच लागतो. मात्र त्या बिंदूवर लिग्नोकेनचे इंजेक्शन दिल्यावर काही मिनिटांत मिळणारा आराम निदानाला बळकटी देतो आणि उपचाराची सुरुवातही करतो.

भिंत निर्दोष आढळल्यास इतिहास पुन्हा घ्यावा. बॅटरीच्या कारखान्यातील काम किंवा धातुयुक्त भस्मांचे सेवन असल्यास रक्तातील शिसे मोजावे; झटक्याने येणारी तीव्र वेदना, मऊ पोट आणि उजेडात काळपट होणारी लघवी असल्यास पॉर्फिरियाची शंका घेऊन झटका चालू असतानाच, प्रकाशापासून जपलेल्या लघवीत पॉर्फोबिलिनोजेन तपासावे; पाळीशी जोडलेले दुखणे असल्यास नॉर्मल सोनोग्राफीमुळे एंडोमेट्रिओसिस निकालात निघत नाही, हे ध्यानात ठेवावे.

वजन घटणे, ताप, रक्तक्षय किंवा शौचातून रक्त ही लक्षणे असल्यास आपल्याकडे आतड्याचा क्षयरोग आधी आठवतो, पण क्रोन्स आजार त्याच्यासारखाच दिसत असल्याने बायोप्सीचा प्रयत्न न करता केवळ शंकेवर एकेटी (क्षयरोगविरोधी औषधोपचार) सुरू केल्यास पुढील निदान अधिकच अवघड होते. इरिटेबल बॉवेल सिंड्रोम हेही निदान न सापडलेल्या उरलेल्यांसाठीचे नाव नव्हे. २०१६ च्या रोम-४ निकषांनुसार गेल्या तीन महिन्यांत सरासरी आठवड्यातून किमान एक दिवस दुखणे असावे लागते आणि शौचाशी, शौचाच्या वारंवारतेतील बदलाशी व मळाच्या स्वरूपातील बदलाशी दुखण्याचा संबंध, या तीनपैकी किमान दोन बाबी जुळाव्या लागतात.

म्हणून पुढची तपासणी लिहिण्यापूर्वी ती कोणत्या शंकेसाठी आहे आणि तिच्या उत्तराने उपचार कसा बदलेल, हे केसपेपरवर एका ओळीत नोंदवावे; ती ओळ लिहिता येत नसेल, तर तपासणी थांबवून रुग्णाला पुन्हा टेबलावर घ्यावे.