आधी दुखणे, मग पार्ट

उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात कार्बोरेटरची जुनी मारुती ८०० अजून अधूनमधून दिसते. १९८३ साली आलेल्या या गाडीचे उत्पादन २०१४ साली थांबले. अशी सेकंडहँड गाडी मिसिंग मारू लागली, की कोणी कार्बोरेटर बदला म्हणतो, कोणी कॉइल. माझे म्हणणे असे, की दुखणे कळेपर्यंत एकही पार्ट विकत घेऊ नये.

ताप केव्हा येतो, हे डॉक्टर आधी विचारतात. गाडीचेही तसेच. थंड असताना अडखळते की तापल्यावर? पावसाळी सकाळीच त्रास होत असेल, तर डिस्ट्रिब्युटरच्या कॅपमध्ये ओल धरलेली असते. इंजिन बंद करून कोरडे फडके फिरवले तरी पुष्कळदा भागते. (२०१९च्या जुलैत उल्हास नदीच्या पुरात बुडालेली गाडी गळ्यात पडली असेल, तर गोष्ट वेगळी.)

मग प्लग काढावेत. सिलिंडर तीनच, म्हणजे प्लगही तीन. तपकिरी रंग चांगला. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, तेलकटपणा म्हणजे आत ऑइल जळते आहे. तिन्हींवर काजळी असेल तर कार्बोरेटरकडे वळावे. एकच प्लग वेगळा दिसला तर सहसा कार्बोरेटर निर्दोष. तो तिघांनाही पेट्रोल पुरवतो.

पण एवढे पाहण्याचे पैसे मेस्त्रीला कोणी देत नाही, म्हणून तो पार्ट विकतो. मला विचाराल तर तपासणीची मजुरी वेगळी द्यावी, आणि काढलेले प्लग मागून घ्यावेत.