मामाची मुलगी आणि मानवशास्त्र

जालन्याच्या बाजारपेठेत शेजारी शेजारी वावरणाऱ्या तीन समाजांत सोयरिकीचे तीन दस्तूर आहेत: मराठा-कुणबी कुटुंबांत मामाची मुलगी करणे रास्त, किंबहुना पसंतीचे, राजस्थानातून येऊन स्थिरावलेल्या मारवाडी घराण्यांत ती बहीणच, आणि ज्या चुलतबहिणीचे नाव मराठ्यांत सोयरिकीसाठी कोणी काढणार नाही, तिच्याशी विवाहास मुसलमान कुटुंबांत शरीयतीची आडकाठी नाही. या भेदाकडे सामाजिक मानवशास्त्राने कोणत्या दृष्टीने पाहावे?

पहिला पक्ष उत्क्रांतिवाद्यांचा. मॉर्गनने 1877 मध्ये मानवजातीला रानटी अवस्थेपासून सुधारणेपर्यंतच्या पायऱ्यांवर उभे केले. त्या शिडीवर जो आपल्याहून निराळा तो मागासलेला, हा फैसला आधीच झालेला असतो. परंतु बौधायन धर्मसूत्राने मातुलकन्येशी विवाह हा दक्षिणेचा, तर लोकरीचा विक्रय आणि समुद्रगमन हे उत्तरेचे आचार म्हणून नोंदविले आणि ज्या त्या देशी तेथील आचार प्रमाण मानला. ज्या भेदाची धर्मशास्त्राने इतक्या पूर्वी बरोबरीच्या नात्याने दखल घेतली, त्याला रानटीपणाचा अवशेष म्हणणे ही निव्वळ मनमानी होय.

दुसरा पक्ष सापेक्षतावाद्यांचा: प्रत्येक समाजाचा रिवाज त्याच्यापुरता प्रमाण, सबब इतरांनी मौन धरावे. तोही टिकत नाही. कारण देशाचाराचा हा निर्णय धर्मसूत्रकार गौतमाला अमान्य होता, हे बौधायनच सांगतो. वादी-प्रतिवादी समाजाच्या पोटातच असतात, आणि 'आमचा रिवाज' म्हणून जी कैफियत दाखल होते ती पुष्कळदा घरातील कर्त्या पुरुषाची असते. मुलीची साक्ष तीत नसते.

आमचा पक्ष असा. इरावती कर्वे यांनी 1953 च्या आपल्या ग्रंथात आप्तसंबंधांच्या रचनेवरून भारताचे विभाग पाडून महाराष्ट्राला उत्तर व दक्षिण यांच्या मधल्या पट्ट्यात ठेवले, तेव्हा एकेक चाल सुटी न तोलता नात्यांच्या सबंध व्यवस्थेत तिचे स्थान शोधले. भावाची लेक सून करून आणणाऱ्या बाईचा माहेरशी असलेला संबंध पुढच्या पिढीत टिकतो, हा अर्थ उमगल्यावरच त्या भाचीला नकाराची मुभा होती काय, हा प्रश्न न्यायाने विचारता येतो. 1955 च्या हिंदू विवाह कायद्याने हाच विवेक दाखविला: भावाबहिणीच्या मुलांचा विवाह निषिद्ध ठरवूनही उभयपक्षी रिवाज असल्यास त्याला वाट दिली, मात्र वधूवरांच्या किमान वयाच्या अटीला रिवाजाची सवलत दिली नाही. अर्थ समजून घेणे हे अभ्यासकाचे पहिले कर्तव्य आहे. परंतु तेवढ्याने न्याय करण्याच्या दुसऱ्या कर्तव्यातून त्याची सुटका होत नाही.