शेवटच्या डावानंतर

व्यावसायिक बेसबॉलमध्ये निवृत्ती बहुतेकांच्या वाट्याला गाजावाजाविना येते: करार संपतो, नवा मिळत नाही. लू गेरिगला सलग २१३० सामन्यांनंतर १९३९ मध्ये आजाराने थांबवले. इचिरो सुझुकीला मात्र हवा तसा निरोप लाभला. जपानमधील १२७८ आणि अमेरिकेतील ३०८९ हिट्सनंतर, २१ मार्च २०१९ रोजी, वयाच्या ४५ व्या वर्षी तो टोकियो डोममध्ये शेवटचा सामना खेळला. सामना संपल्यावरही प्रेक्षक जागचे हलेनात, म्हणून तो पुन्हा मैदानावर आला. असे भाग्य फारच थोड्यांचे. चाळिशीच्या आत संपणारी कारकीर्द आता आपल्याकडच्या लीग क्रिकेटपटूंचाही प्रश्न आहे. म्हणून या अंकात विक्रमांपेक्षा खेळाडूंच्या पुढच्या आयुष्याला अधिक जागा दिली आहे. अमेरिकेत, जपानमध्ये बेसबॉल जवळून पाहणाऱ्या वाचकांनी आपली निरीक्षणे अवश्य कळवावीत.