कोळसा त्यांचा, खड्डा आपला

"सरकारी कंपनी म्हणजे आळस, युनियन आणि चोरी. विकून टाका आणि मोकळे व्हा." आमच्या ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये कुठलाही सरकारी विषय निघाला की हे वाक्य चहाच्या आधी येतं. कोल इंडियाचं नाव निघालं तर हमखास. पुढचं वाक्यही ठरलेलं: "टेलिफोनचं बघ ना! वर्षानुवर्षं वेटिंग असायचं. खाजगी कंपन्या आल्या आणि भाजीवाल्याच्या हातातही मोबाईल आला."

मंडळी, मी स्वतः खाजगी कंपनीत नोकरी करतो, मला खाजगी क्षेत्राचं वावडं नाही. पण मोबाईलचं उदाहरण कोळशाला लावणं म्हणजे शुद्ध आळस आहे. मोबाईल कंपनी आवडली नाही तर नंबर तोच ठेवून दुसरीकडे जाता येतं. घुग्घूसच्या माणसाला त्याच्या घराखालची खाण पोर्ट करता येत नाही.

घुग्घूसचं नाव मुद्दाम घेतलं. चंद्रपूर जिल्ह्यातलं हे कोळशाचं गाव. ऑगस्ट २०२२ मध्ये तिथल्या अमराई वॉर्डात एक राहतं घर बघता बघता जमिनीच्या पोटात गेलं. घरातली माणसं वेळेवर बाहेर पडली म्हणून वाचली. खाली जुनी, बंद पडलेली भुयारी खाण होती. तिच्यातला कोळसा कधीच जळून गेला, त्याचे पैसे कधीच खर्च झाले. पोकळी तेवढी राहिली. लोकांनी पुनर्वसन मागितलं ते वेकोलिकडे, म्हणजे कोल इंडियाच्या नागपूरच्या वेस्टर्न कोलफील्ड्सकडे, आणि जिल्हा प्रशासनाकडे. ते मिळणं सोपं नसेल, पण ठोठवायला दार तरी होतं.

आमच्या धंद्यात याला टेक्निकल डेट म्हणतात. घाईघाईत रिलीज मारायचं, बोनस घेऊन कंपनी बदलायची, आणि रात्री तीनला फोन जातो तो मागाहून आलेल्या बिचाऱ्या पोराला. खाणीचंही तसंच. कोळसा वीस-तीस वर्षांत संपतो, पण जमीन आपल्या सवडीने खचते. २००९ पासून खाण बंद करण्याचा खर्च आधीच एस्क्रो खात्यात भरत जायचा नियम आहे. नियम चांगलाच आहे. पण खातं बंद झाल्यावर कित्येक वर्षांनी घर खचलं, तर ते कुणाच्या नावावर? सरकारी कंपनी गुंडाळली तरी मागे सरकार उरतं. खाजगी कंपनी गुंडाळली तर मागे लेटरहेड उरतं.

"पण खाजगीवाल्यांना संधीच कुठे दिली?" दिली की. एकदा नाही, दोनदा.

पहिल्यांदा म्हणजे १९७० च्या आधी. तेव्हा बहुतेक कोळसा खाजगी मालकांकडेच होता. सोपा, जाड थर ओरबाडायचा आणि बाकीचा तसाच गाडून टाकायचा. कामगाराच्या पगारात आणि जिवात काटकसर करायची. म्हणून १९७२ मध्ये पोलादासाठी लागणाऱ्या कोकिंग कोळशाच्या आणि १९७३ मध्ये बाकीच्या खाणी सरकारने ताब्यात घेतल्या. त्यात समाजवादाचं भूत होतं हे मान्य. पण भूत यायला आधी घर पडकं असावं लागतं.

दुसरी संधी १९९३ पासून. स्वतःच्या वीज, पोलाद आणि सिमेंट कारखान्यांसाठी म्हणून कोल ब्लॉक वाटायला सुरुवात झाली. लिलाव नाही, काही नाही. सप्टेंबर २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने २१८ पैकी २१४ वाटपं रद्द केली. त्यातल्या चालू असलेल्या किंवा चालू होण्याच्या बेतात असलेल्या ४२ खाणींना ३१ मार्च २०१५ पर्यंत मुदत मिळाली. आता वजाबाकी करा. दोन दशकांत बाकीच्यांचा कोळसा कुठे होता? जमिनीतच. काहींच्या परवानग्या अडकल्या होत्या आणि घेणाऱ्यांत सरकारी कंपन्याही होत्या, हे खरं. पण 'खाजगी म्हणजे फास्ट' हा दावा इथे कसा टिकतो ते मला कुणीतरी समजावून सांगा.

भद्रावती तालुक्यातलं बरांजही याच यादीतलं. कर्नाटकची सरकारी वीज कंपनी आणि एक खाजगी भागीदार यांची ती खाण. निकालानंतर ती बंद पडली आणि गावकऱ्यांच्या पुनर्वसनाचा प्रश्न वर्षानुवर्षं लोंबकळत राहिला. त्या काळात खाण बंद होती आणि गाव ना इकडे ना तिकडे.

खरं तर 'खाजगीकरण करावं की नाही' हा वादच शिळा झालाय. ते मागच्या दाराने येऊन बसलंय. २०१० मध्ये कोल इंडियाचे शेअर बाजारात आले. आज सरकारकडे साधारण ६३ टक्के उरलेत. जून २०२० मध्ये कुणालाही कोळसा काढून कुणालाही विकता येईल असे व्यावसायिक लिलाव जाहीर झाले. जुलैमध्ये कामगारांनी तीन दिवस संप केला. आपण तेव्हा वर्क फ्रॉम होम करत होतो, वीज काही गेली नाही, त्यामुळे आपल्याला पत्ताच नाही. सरकारी खाणींतही वरची माती उपसायचं काम मोठ्या प्रमाणात कंत्राटदारच करतात. २९ डिसेंबर २०१६ रोजी झारखंडमधल्या राजमहलच्या उघड्या खाणीत दरड कोसळून २३ जण गेले. खाण कोल इंडियाच्याच उपकंपनीची, मेलेले कामगार कंत्राटदाराचे.

आता पैशाचं बघा. खाणीच्या रॉयल्टीवर जिल्हा खनिज प्रतिष्ठानसाठी वेगळी रक्कम घेतली जाते. ती खाणग्रस्त गावांचं पाणी, दवाखाने, शाळा यांच्यासाठी. जानेवारी २०१५ च्या आधीच्या जुन्या लीजवर ही रक्कम रॉयल्टीच्या ३० टक्के. लिलावाने दिलेल्या खाणीवर १० टक्के. कारण काय, तर लिलाव जिंकणारा सरकारला वेगळा हिस्सा देतोच! देतो ना, पण तो राज्याच्या तिजोरीत. धूळ चंद्रपुरात आणि जमा मुंबईत.

तुम्ही म्हणाल, पनवेलमध्ये बसून तुला विदर्भाचा एवढा पुळका का? एक तर चंद्रपूरहून पडघ्यापर्यंत साडेसातशे किलोमीटरची १५०० मेगावॉटची एचव्हीडीसी लाईन टाकली ती आपल्याच बाजूला वीज आणायला. आपला एसी त्यांच्या कोळशावर चालतो. आणि दुसरं, जमीन जाणं म्हणजे काय ते पनवेल-उरणला कुणी शिकवायला नको. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या सिडकोविरुद्धच्या आंदोलनात पाच शेतकरी गोळीबारात गेले. त्या लढ्यातूनच पुढे साडेबारा टक्के विकसित जमिनीची योजना आली. सिडको काही संत नव्हती. पण ती सरकारी होती, म्हणून तिच्याविरुद्ध मोर्चा निघाला, विधानसभेत प्रश्न आला, शासनाला निर्णय फिरवावा लागला. हेच खाजगी कंपनीशी झालं असतं, तर शेतकऱ्याच्या हातात एक करारपत्र आणि कोर्टाची पुढची तारीख उरली असती.

कोल इंडियाची आरती ओवाळायला मी बसलेलो नाही. २००९ च्या केंद्रीय प्रदूषण निर्देशांकात चंद्रपूर ८३.८८ गुणांसह देशात चौथं होतं, आणि ते सरकारी खाणी आणि सरकारी वीजकेंद्र उशाशी असताना. कोळसाचोरी आहे, लालफीत आहे, सगळं आहे. पण २०२४-२५ मध्ये देशाने १०० कोटी टनांचा टप्पा ओलांडला त्यातले सुमारे ७८ कोटी टन याच 'आळशी' कंपनीचे, हेही आहे.

तेव्हा विकायचंच असेल तर आधी तीन गोष्टी करा. खड्ड्याची जबाबदारी खाण बंद झाल्यावरही पुढची पन्नास वर्षं मालकाच्या आणि त्याच्या मूळ कंपनीच्या गळ्यात राहील असा कायदा करा. जिल्ह्याचा वाटा पुन्हा ३० टक्के करा. आणि दोन एकरांमागे एक नोकरी ही जी तरतूद कोल इंडियाच्या धोरणात आहे, ती घेणाऱ्यालाही बंधनकारक करा.

एवढ्यावर जो बोली लावेल तो खरा उद्योजक, त्याला माझा सलाम. आणि एवढ्यावर कुणीच बोली लावली नाही, तर आजवर स्वस्त वाटणारा कोळसा कुणाच्या जिवावर स्वस्त होता ते तरी कळेल. कॅन्टीनमध्ये याचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही. तुमच्याकडे असेल तर जरूर सांगा.