हृदय बदललं म्हणून!

नाशकात आमच्या एका मित्राकडे फोक्सवॅगनची जुनी व्हॅन आहे. एंजिन पाठीमागे, आणि तेही वाऱ्यावर थंड होणारं. जर्मनीत ठीक आहे हो! पण भर वैशाखात कसारा घाट चढताना ज्या वाऱ्यानं एंजिन थंड व्हायचं, तो वाराच तव्यावरून उठून आलेला असतो. मग दर दोन वळणांनी आम्ही खाली उतरून पेपरानं तिला वारा घालत बसतो.

मी म्हटलं, पाण्यावर थंड होणारं आधुनिक एंजिन बसवा. झालं! शेजारचे नाना खवळले, "अहो, तिचा आत्माच जाईल!" नाना, खुद्द कंपनीनंच ब्राझीलमध्ये २००५ साली याच व्हॅनला पाण्याचं एंजिन दिलं, नाकावर रेडिएटर लावला आणि २०१३ पर्यंत ती विकली. आपल्या ॲम्बॅसिडरला इसुझूचं एंजिन बसलं, तेव्हा कुणी सुतक पाळलं नाही.

म्हणजे कंपनीनं केली की सुधारणा, मालकानं केला की गुन्हा! मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम मूळ तपशिलाबाहेर जाऊ देत नाही. २०१९ साली सुप्रीम कोर्टानंही तेच बजावलं. गॅसचं किट मात्र रीतसर चालतं. चोरून बदलाबदली नको, हे मलाही मान्य. मग गाडी तपासा, ब्रेक बघा, फी घ्या आणि नोंद करा की! नाहीतर ती आत्म्यासकट भंगारात जाईल.

नानांचे दोन्ही गुडघे गेल्या वर्षी बदलले. पेन्शन जुन्याच नावानं चालू आहे.