बाटली हाती येते, इतिहास निसटतो

जुन्या काचेच्या बाटल्या जमविणाऱ्या माणसाला आपल्याकडे दोन प्रश्न ठरलेले असतात. ‘रिकाम्या बाटल्यांत काय एवढे ठेवले आहे?’ हा पहिला, आणि ‘यांतली सर्वांत महाग कोणती?’ हा दुसरा. पहिल्यात उपहास असतो, दुसऱ्यात लोभ. या दोहोंच्या मध्ये संग्राहकाचे जे खरे दुःख आहे, त्याची विचारपूस मात्र सहसा कोणी करीत नाही.

संग्राहकांच्या नेहमीच्या तक्रारी सर्वांना ठाऊक आहेत. मुंबईच्या चोरबाजारात काय किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात काय, विक्रेता सांगेल ती किंमत आणि तो सांगेल ते वय. उपाहारगृहांच्या सजावटीसाठी गठ्ठ्याने माल उचलणारे गिऱ्हाईक उभे असले, की एकेक बाटली निरखून घेणाऱ्याकडे लक्ष देण्यास त्याला सवड नसते. त्यात पुन्हा नकली मालाचा सुळसुळाट. गोटी सोड्याचीच बाटली घ्या. हायरम कॉड या इंग्रज गृहस्थाने १८७० नंतरच्या दोन-तीन वर्षांत तिचे एकस्व घेतले. आतील वायूच्या दाबाने काचेची गोटी वर येऊन रबरी कड्यावर घट्ट बसते आणि बूच न लावता बाटली बंद राहते, ही त्यातील युक्ती. ओतताना गोटी पुन्हा तोंडाशी येऊ नये म्हणून मानेला दोन खाचा. इंग्लंडातून ही बाटली केव्हाच हद्दपार झाली. आपल्याकडे ती अद्याप टिकून आहे. ही अभिमानाची गोष्ट खरी, परंतु संग्राहकाच्या दृष्टीने तीच मोठी अडचण. कालपरवा घडविलेली बाटली चार महिने चिखलात पुरून ‘आजोबांच्या काळातली’ म्हणून खपविणे मुळीच अवघड नाही.

पारख करण्याच्या कसोट्या आहेत, नाहीत असे नव्हे. साच्याच्या सांध्याची रेघ मानेशी विरून गेली असेल, तर बाटलीचे तोंड बहुधा कारागिराने हाताने घडविलेले असते. ती थेट ओठावरून गेली असेल, तर काम यंत्राचे. अमेरिकेत मायकेल ओवेन्स यांचे स्वयंचलित यंत्र विसाव्या शतकाच्या आरंभी आले आणि तेथून हा फरक पडत गेला. पण या कसोट्या ढोबळ आहेत आणि फसविणाऱ्यांनाही त्या पाठ असतात. मँगनीज घालून निर्मळ केलेली जुनी काच वर्षानुवर्षे उन्हात राहिली की तिला जांभळी झाक येते. हे कळताच कृत्रिम किरणांचा मारा करून तोच रंग झटपट आणण्याची विद्याही निघाली.

तथापि सारा दोष बाजारावर टाकून आपण संग्राहकांनी नामानिराळे राहणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. मातीत किंवा ओलीत राहिलेल्या काचेतील क्षार झिरपून जातात आणि तिच्यावर पांढुरका पडदा चढतो. तो धुऊन जात नाही. मग चकाकीच्या हव्यासाने बाटली घासून, पॉलिश करून काढली जाते आणि पडद्याबरोबर तिच्या वापराच्या खुणाही पुसल्या जातात. औषधाच्या बाटलीवरचा जीर्ण कागद ‘घाण दिसतो’ म्हणून भिजवून काढणारे महाभागही आपल्यातच आहेत. त्या कागदावर औषधविक्रेत्याचे नाव असते, पेठ असते, क्वचित मात्राही असते. तो गेला की उरते ती केवळ काच.

मला वाटते, सर्व तक्रारींच्या मुळाशी असलेली तक्रार हीच आहे: बाटली मिळते, पण तिचा ठावठिकाणा मिळत नाही. काही वर्षांपूर्वी मी एक जाड, हिरवट बाटली घेतली. विक्रेत्याने ती कोकणातल्या एका वाड्यातून आल्याचे शपथेवर सांगितले. पुढच्या खेपेस तिच्याच जोडीची बाटली त्याने सोलापूरकडची म्हणून दाखविली. तो खोटे बोलत होता असेही मी म्हणणार नाही. त्याने ती भंगारवाल्याकडून घेतली, भंगारवाल्याने वाडा उतरविणाऱ्या मजुराकडून, विचारायचे कोणाला? माझ्या फडताळात ती बाटली आजही आहे, आणि ती कोणाची, कोठली, हे मला आजही सांगता येत नाही.

हे दुःख एका छांदिष्टापुरते असते, तर त्यासाठी वृत्तपत्राची जागा अडविण्याचे कारण नव्हते. परंतु महाराष्ट्रात काच ही केवळ वस्तू नव्हती, ती एक चळवळ होती. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागत पैसाफंड उभा केला, लोकमान्यांनी त्याला पाठबळ दिले आणि १९०८ साली तळेगाव दाभाड्यास काचेचा कारखाना निघाला. तेथे फुंकनळी धरावयास शिकलेले कारागीर पुढे देशभरच्या भट्ट्यांवर गेले. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीच्या प्रभाकर कंदिलाने घरोघर उजेड दिला. या उद्योगाचा इतिहास भाषणांत आहे, चरित्रांत आहे. परंतु सामान्य माणसाच्या पैशातून जी काच प्रत्यक्ष घडली, ती ओळखून, नोंदवून, जपून कोठे ठेवली आहे काय? ज्या बाटलीवर उठावाची अक्षरे नाहीत, ती विलायती की स्वदेशी, हे कशावरून ठरवावे? आणि तशीच दुसरी बाटली आज कोठे तरी भट्टीत चुरा म्हणून वितळत असेल.

१९७२ च्या पुरावशेष कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या कारागिरीच्या वस्तूंना संरक्षण दिले आहे. पण मूर्ती आणि चित्रे यांच्यासाठी जागणारी यंत्रणा सोड्याच्या बाटलीसाठी जागी होईल, अशी अपेक्षा कोणी करू नये. तिचे वय सिद्ध कोण करणार, हाच पहिला प्रश्न. कायद्याहून अधिक उपयोगी पडते ती दृष्टी. दिनकर केळकर यांनी दिवे, अडकित्ते, स्वयंपाकघरातली भांडी अशा रोजच्या वापरातल्या वस्तू जमविल्या, आणि तो सारा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या हाती सोपविला. आज पुण्यातील राजा केळकर संग्रहालय पाहावयास परदेशचे लोक येतात. पितळेच्या दिव्याला जो न्याय मिळाला, तो काचेच्या बाटलीला का मिळू नये?

यासाठी फार मोठा खर्च नको. जिल्ह्याच्या संग्रहालयाने एक कपाट स्थानिक काचेसाठी राखावे. जुने दवाखाने, औषधांची दुकाने आणि सोड्याचे कारखाने बंद करणाऱ्यांनी बाटल्या भंगारात घालण्यापूर्वी, आणि त्यांच्याबरोबर विक्रीच्या वह्या रद्दीत घालण्यापूर्वी, एकदा कोणाला तरी विचारावे. आणि आपण संग्राहकांनी? बाटली घरी आणल्यावर फडके हाती घेण्याआधी लेखणी घ्यावी. कोठे मिळाली, कोणाकडून, केव्हा, सोबत काय होते, एवढ्या चार ओळी लिहून तो कागद बाटलीपाशीच ठेवावा. किमती उतरणार नाहीत, नकली मालही थांबणार नाही. पण आपल्यामागे ज्याच्या हाती ती बाटली जाईल, त्याला निदान माझ्यासारखे फडताळापुढे निरुत्तर उभे राहावे लागणार नाही.