कमरेला काय लावावं?

माणसाच्या हातात एकदम पैसा आला, की त्याला आधी मोटार सुचते, मग घरावर मजला सुचतो, आणि मजल्यावर गच्ची बांधून झाली, की पिस्तूल सुचतं. निदान आमच्या बुलडाणा जिल्ह्यात तरी हा क्रम मी डोळ्यांनी पाहिलाय. आमच्या साडूंची मेहकरकडची जमीन समृद्धी महामार्गात गेली. त्या रस्त्यावरून २०२२ च्या डिसेंबरपासून मोटारी धावू लागल्या, पण साडूंच्या घरचा पैसा त्याच्या कितीतरी आधीच धावायला लागला होता. मोटार झाली, मजला झाला. आता उरली कंबर.

"साडभाऊ, तुमी शिकेल मानूस," ते मला म्हणाले, "मले येकच सांगा. पयल्यांदा घ्यायचं त पंचेचाळीसचं पिस्तूल घेऊ का थ्री-फिफ्टी-सेवनचं रिवालवर?"

घ्यावं की नाही, हा प्रश्नच नव्हता. लग्नाचा मुहूर्त ठरल्यावर शालू की पैठणी विचारावं, तसं विचारत होते. मी जन्मभर गणित शिकवलं. पिस्तुलाशी संबंध काय तो फळ्यावरच्या व्यासापुरता. पण व्यासाचाच प्रश्न असेल तर उत्तर देणं भाग आहे.

पंचेचाळीस म्हणजे इंचाचे पंचेचाळीस शतांश, साधारण साडेअकरा मिलिमीटर. ब्राउनिंग नावाच्या अमेरिकन माणसाने या मापाचं पिस्तूल बनवलं आणि १९११ साली तिथल्या लष्कराने ते घेतलं. वजन किलोच्या वर, मॅगझिनमध्ये सात काडतुसं. थ्री-फिफ्टी-सेवनची गोळी नऊ मिलिमीटरची, पण दारूचा जोर दांडगा. हे काडतूस १९३५ सालचं, तेही अमेरिकेचंच. दोन्हींचा धक्का असा, की नवशिक्याचे डोळे चाप ओढण्याआधीच मिटतात. म्हणजे पहिली गोळी कुठे जाईल, हे ज्याच्यावर झाडली त्याला आणि ज्याने झाडली त्याला सारखंच ठाऊक.

आता कायद्याची गंमत बघा. लष्करी काडतूस ज्यात बसतं ते पिस्तूल सामान्य माणसाला निषिद्ध. म्हणून नऊ मिलिमीटर निषिद्ध, आणि जुन्या गोऱ्या साहेबाचं पॉइंट चारशे पंचावन्नही निषिद्ध. पण नुसतं पंचेचाळीस चालतं! दोन आकड्यांतला फरक इंचाचा पाच हजारांश. एवढ्या फरकाला मी वहीत अर्धा मार्कसुद्धा कापला नसता.

चालतं म्हणजे मिळतं, असं मात्र नाही. खाजगी माणसाला बाहेरून हत्यार आणणं ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून बंद आहे. तेव्हा बाजारात फिरतात ती बहुतेक जुनीच पिस्तुलं, या परवान्यावरून त्या परवान्यावर, मोल लाखांत. साडू जे पिस्तूल घेऊ म्हणतात, ते वयाने त्यांना काका लागेल. काडतूसही असंच शोधत फिरायचं. त्यापेक्षा कानपूरच्या सरकारी कारखान्याचं बत्तीस बोअरचं रिव्हॉल्व्हर नवंकोरं मिळतं, काडतुसं आपल्या खडकीची. मी तसं सुचवलं, तर साडूंचा चेहरा पडला.

"बत्तीस? ते त बायाइचं असते!"

यात त्यांचा एकट्याचा दोष नाही. २०१४ साली त्याच कारखान्याने 'निर्भीक' नावाचं अर्ध्या किलोचं बत्तीस काढलं, त्याची जाहिरात बायकांसाठी म्हणूनच झाली होती. पण गोळी लागणाऱ्याने कधी 'ही बायकांची आहे' म्हणून ती परत केल्याचं ऐकिवात नाही. सांगायचं एवढंच, की मोठ्या बोअरचा हट्ट हा गोळीसाठी नसतोच. तो शर्ट वर सरकल्यावर पानठेल्यावरच्या चार माणसांना काय दिसेल, त्यासाठी असतो.

बरं, मारायचं कोणाला? साडू म्हणाले, डुकरं. रानडुकरं आणि रोही सोयाबीनची नासाडी करतात, हे खरंच आहे. त्यावर हसायचं माझं काही काम नाही. पण कायद्याने पीकरक्षणासाठी सांगितलीय ती ठासणीची बंदूक, आणि डुकराला मारायचं तर वनखात्याची परवानगी वेगळी. रात्रीच्या काळोखात धावत्या डुकरावर पिस्तूल झाडणारा माणूस शेजारच्याच्या बैलाची भरपाई देण्याच्या तयारीने निघालेला असावा.

मग म्हणाले, चोर. हत्यार कुलपात ठेवावं लागतं, किल्ली आमच्या मेहुणीच्या कमरेला. चोराने तेवढं थांबायला हवं. मग म्हणाले, राजकारण. निवडणूक आली की पोलीस छाननी करून ठाण्यात जमा करायला लावतात ते हेच. वरातीत वर तोंड करून झाडावं, तर २०१९ च्या दुरुस्तीने त्यालाही दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, नाहीतर दोन्ही ठेवलंय.

शेवटी चहाच्या दुसऱ्या कपाला खरी गोष्ट बाहेर आली. धुरा! धाकट्या भावाने धुरा दोन तासं आत कोरलाय, असं साडूंचं म्हणणं. महामार्गाच्या पैशाच्या वाटणीवरून बोलणं आधीच बंद होतं.

इथे मात्र माझं हसू संपलं. धुऱ्यावरून आपल्याकडे काठ्या निघतात, कुऱ्हाडी निघतात, माणसं मरतातही. पण काठी उगारली की मधे पडायला आई असते, वहिनी असते, पलीकडच्या वावरातला कोणी धावत येतो. गोळीच्या मधे कोणी पडत नाही, आणि पडलं तर तेच पडतं. बीड जिल्ह्यात २०२४ च्या डिसेंबरात मस्साजोगच्या सरपंचाचा खून झाला. तो पिस्तुलाने झाला नव्हता. पण त्यानंतर लोकांनी परवाने मोजले, ते बाराशेच्या वर निघाले, आणि छाननीत शंभरावर रद्द झाले. एवढ्या माणसांच्या जिवाला धोका होता तरी कोणाचा? एकमेकांचाच असावा.

साडू वाईट नाहीत. तापट आहेत. धाकटा संध्याकाळनंतर शुद्धीत नसतो. अशा दोघांच्या मधे एक भिंत आणि एक कपाट. त्या कपाटात पंचेचाळीस ठेवावं की थ्री-फिफ्टी-सेवन, हे मला विचारताहेत, आणि घरात सहावीतला पोरगा आहे, ज्याला बापाच्या सगळ्या किल्ल्या ठाऊक आहेत.

मी बोअर सांगितलंच नाही. दुसऱ्या दिवशी भूमी अभिलेखच्या कचेरीत गेलो आणि मोजणीचा अर्ज घेऊन आलो. पिस्तुलाच्या किमतीपुढे मोजणीची फी म्हणजे काहीच नाही. साडूंनी चष्मा लावून अर्ज दोनदा वाचला. मग हळूच विचारलं,

"पन साडभाऊ, मोजनीत आपलाच येक गुंठा ज्यादा निंगाला त?"